मेस्त्रींच्या ठोकळ्याला वाळवी

मी एक जुना ठोकळा आहे. सुताराचा ठोकळा. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला सोपे गणित सुटले नाही की घरचे म्हणतात ना, "अगदी ठोकळा आहेस!" तोच मी. पण खरे सांगायचे तर आता मी त्या शिवीलाही पात्र राहिलेलो नाही. ठोकळा निदान आतून भरीव तरी असतो. माझे तेवढेही नाही.

सध्या माझा मुक्काम कारखान्याच्या मागे, परसाच्या कोपऱ्यात आहे. माझी धड बाजू भिंतीकडे आणि खाल्लेली बाजू येणाऱ्याजाणाऱ्यांकडे. उलटे असते तर किती बरे झाले असते! लोक कपडे वाळत घालायला येतात, त्यांची नजर नेमकी माझ्या भोकांवर जाते. लाजेने मान खाली घालावी म्हटले तर मला मानही नाही. असो. गोष्ट सांगायला बसलो आहे तर सगळी सांगतो. मध्येच हसू आले तर हसा, दाबू नका.

एका वादळात एक मोठे झाड आडवे झाले. त्याच्या बुंध्याचा गुडघाभर उंचीचा तुकडा थोरल्या मेस्त्रींनी कापून घेतला. माझ्या भावंडांच्या फळ्या झाल्या, चौकटी झाल्या, एका तुकड्याचा तर पाळणा झाला. त्यांना रंधा मिळाला, पॉलिश मिळाले, कुणाच्या तरी घरात मानाची जागा मिळाली. मला काय मिळाले? घाव. लाकूड तासायचे झाले की ते माझ्या डोक्यावर उभे धरायचे आणि वरून वाकस, म्हणजे तासायची आडव्या पात्याची कुऱ्हाड, चालवायचा. वाकस नीट बसला तर लाकूड तासले जाते. जरा निसटला की मी!

थोरले मेस्त्री अबोल माणूस. घावाने मी डगमगू नये म्हणून त्यांनी मला कारखान्याच्या मातीच्या जमिनीत वीतभर खोल पुरले होते. पण लाकूड मातीत राहिले की त्याचे काय होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी ते मला उपटून काढायचे, उन्हात आडवा टाकायचे, बुडाला गरम डांबर फासायचे, खड्ड्यात कोरडी वाळू भरायचे आणि मग पुन्हा बसवायचे. कुणी विचारले, "ठोकळ्याचे एवढे लाड कशाला?" तर ते नुसते हसायचे.

ते गेले आणि कारखाना त्यांच्या मुलाकडे आला. आता मेस्त्री म्हणजे तोच. बाप जितका अबोल, तितका मुलगा बोलका. हात मात्र बापाचाच. त्याने जोडलेल्या सांध्यात नखसुद्धा शिरायचे नाही. गिऱ्हाईक आले की तो छाती फुगवून सांगायचा, "एक लक्षात ठेवा, लाकडाची आणि मातीची गाठ घालून द्यायची नाही. पायाखाली दगड द्या, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. बाकी काळजी माझी. माझ्या हातच्या लाकडाला वाळवी लागली, तर त्या दिवशी हत्यारं खाली ठेवीन!"

हे तो कुठे उभा राहून सांगायचा, माहीत आहे? एक पाय माझ्यावर ठेवून! आणि मी स्वतः मातीत वीतभर रुतलेला!

बाप गेल्यानंतर पहिल्या वर्षी त्याने मला उपटून डांबर लावले होते. दुसऱ्या वर्षी एका लग्नघरचा पलंग वेळेत द्यायचा होता, तेव्हा राहून गेले. पुढे तर विषयच निघाला नाही. त्यात त्याचा आळस नव्हता हो. मेस्त्री सकाळपासून दिवेलागणीपर्यंत राबायचा. पण माणूस काळजी कुणाची करतो? जे कुरकुरते त्याची. दार करकरले की तेल मिळते, खुर्ची डुगडुगली की पाचर मिळते. मी कधी हललो नाही, की कधी कुरकुरलो नाही. शिवाय मी त्याच्या हिशेबी लाकूड नव्हतोच. लाकूड म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायचे ते. मी आपला कारखान्याच्या जमिनीसारखा, कायमचा. माझ्या भोवती भुसा साचला, त्याला ओल धरली. झाडताना केरसुणी माझ्या वरवरून फिरायची आणि राहिलेला भुसा माझ्याच बुडाशी लोटायची.

मग ती आली.

वाळवी दारावर टकटक करून येत नाही. ती खालून येते. आधी बुडाला गुदगुल्या झाल्यासारखे वाटले. मग आत खोलवर कुणीतरी हळूहळू कुरतडते आहे, हे कळू लागले. तिची एक खोड आहे. ती वरच्या सालीला हात लावत नाही. आतले सगळे खाते, जाता जाता मातीचे गिलावे करते, आणि बाहेरून मात्र माणसाला काहीएक दिसत नाही. मी वरून तसाच काळाकभिन्न, दणकट दिसत होतो. कारखान्यातला पॉलिशवाला दुपारी डबा खायला माझ्यावर बसायचा आणि थोपटून म्हणायचा, "ठोकळा आहे की खडक!" त्याने थोपटले की आत वाळवीची पळापळ व्हायची. त्या कौतुकाने मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. निंदा झाली असती तर सोसली असती. खोटे कौतुक अंगावर घेऊन दिवसभर उभे राहायचे म्हणजे काय, ते माझे मला ठाऊक.

सांगणार कसा? मला तोंड नाही. आवाज तेवढा होता. पूर्वी माझ्यावर घाव पडला की ठण्ण आवाज यायचा, रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. आता ढब्ब यायला लागला, उशीवर बुक्की मारावी तसा. म्हटले, आता तरी हा खाली वाकून बघेल. मेस्त्रीने तो आवाज ऐकला. घाव थांबवला. कपाळाला आठ्या घातल्या. आणि काय केले असेल? वाकसाला धार लावली! "बोथट झालाय मेला," म्हणाला आणि दगडावर घासत बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढब्ब. पुन्हा धार. असे करता करता त्या वाकसाची निम्मी पात झिजली, पण त्याची नजर काही माझ्या बुडाशी गेली नाही.

अशातच एके दिवशी मोठ्या बाई आल्या. जवळच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. शाळेच्या वाचनालयातली कपाटे वाळवीने पार खाल्ली होती, पुस्तकांसकट. नवी कपाटे करायची होती. एवढे मोठे काम कारखान्यात पूर्वी कधी आले नव्हते. वहिनी, म्हणजे मेस्त्रीची बायको, सकाळपासून झाडलोट करत होती. सगळा कारखाना तिला वहिनीच म्हणायचा.

"मला दुसरं काही नको," बाई म्हणाल्या. "फक्त वाळवीचं सांगा. एक कपाट उघडलं तर पुस्तकांचे नुसते पुठ्ठे हातात आले हो. मुलं रडायला लागली."

"बाई, तुम्ही निर्धास्त राहा," मेस्त्री म्हणाला. "माझ्या हातच्या लाकडाला वाळवी लागली तर हत्यारं खाली ठेवीन. हा शब्द आहे माझा. अहो, उभ्या का? बसा की!" आणि आजूबाजूला बघून त्याने माझ्यावरच बोट रोखले. "इथे बसा. वडिलांच्या हातचा ठोकळा आहे. हत्ती बसला तरी हलायचा नाही."

वहिनीने लगबगीने मला फडक्याने पुसले. मी मनात म्हणत होतो, नको, नको, खुर्ची आण! पण बाई बसल्या.

अंगाने त्या बेताच्याच होत्या. त्यांच्या वजनाला दोष देऊ नका. कर्र झाले, फस्स झाले, आणि माझा माथा आत गेला. माथ्याबरोबर बाईही गेल्या. त्यांची चप्पल एकीकडे, चष्मा दुसरीकडे, आणि माझ्या पोटातून पांढरी वाळवी भसाभसा बाहेर पडून त्यांच्या साडीवरून, मेस्त्रीच्या पायांवरून वाट फुटेल तिकडे पळू लागली.

मग पॉलिशवाल्याला हसू फुटले. ते त्याने तोंडावर हात ठेवून दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकातून बाहेर आले. मित्रांनो, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे तुम्हाला कधी वाटले असेल. मी तर आधीच जमिनीत होतो. मला जायला जागाच नव्हती.

बाई रागावल्या नाहीत. वहिनीचा हात धरून उठल्या, साडी झटकली, चष्मा पुसला. "लागलं नाही मला," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितले, मेस्त्रीकडे बघितले आणि हळूच म्हणाल्या, "बघते. विचार करून कळवते." त्या चार शिव्या देऊन गेल्या असत्या तर बरे झाले असते.

मेस्त्रीने पहारीने मला उपटले आणि पायाने ढकलत ढकलत परसात आणले. घरातून रॉकेलची बाटली घेऊन आला. मला पेटवणार, हे उघड होते. आणि खरे सांगू? मला हायसे वाटले. एकदाचे तोंड काळे होईल, म्हटले.

पण वहिनी धावत आली. "अहो, काय करताय? पलीकडे शेजाऱ्यांची ताडपत्री आहे, वर माझे कपडे वाळतायत! राग आलाय तर बसा घटकाभर. घर कशाला पेटवताय?"

त्याने बाटली खाली ठेवली. आत गेला, सगळी हत्यारे एका पोत्यात भरली, पोत्याचे तोंड सुतळीने आवळले आणि ते पोते माळ्यावर टाकले.

"हे काय आता?" वहिनीने विचारले.

"शब्द दिला होता. ठेवली खाली."

"अहो, खाली कुठे? माळ्यावर टाकलीत!" तिने हसवून बघितले. तो हसला नाही. त्या दिवसापासून कारखाना बंद झाला. मेस्त्री सकाळी उठायचा, दाराला कुलूप आहे ना बघायचा आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. ठरलेली कामे त्याने दुसऱ्या सुताराकडे पाठवून दिली. रस्त्यात कुणी चेष्टेने विचारायचे, "काय मेस्त्री, ठोकळा कसा आहे?" की मग तो दोन दोन दिवस बाहेर पडायचा नाही. वहिनी परसात येऊन एकटीच बोलायची, "याचे हात असेच बसून राहिले तर हा माणूस वेडा होईल." ते ऐकून मला वाटायचे, त्या दिवशी पेटवले असते तर निदान हे ऐकावे लागले नसते.

इकडे माझी हालत काय वर्णावी! फुटलेल्या माथ्यात पाणी साठले. ओल धरली तशा अंगावर अळंब्यांच्या छत्र्या उगवल्या. जुनी वाळवी उन्हाने पांगली होती, पण खालच्या मातीतून दुसरी आली. तिच्यामागून भुंग्यांच्या गुबगुबीत पांढऱ्या अळ्या आल्या. हात लावला की गोल गुंडाळी करणारे पैसाकिडे आले. मुंग्या आल्या. सालीखाली, फटीत, भोकात, जिथे जागा मिळेल तिथे ही मंडळी घुसली. मी त्यांना चोर म्हणायचो, दरोडेखोर म्हणायचो. त्यांच्यावर काही परिणाम व्हायचा नाही. खाणे आणि पुढे सरकणे, एवढेच त्यांना ठाऊक.

पण दिवसभर दुसरे काम नसले की बघणे होते. एकदा माझ्याजवळ एक मेलेली चिमणी पडली होती. मुंग्या आल्या, काळे किडे आले, माश्या आल्या. मला किळस आली. थोड्याच दिवसांत तिथे चार पिसे उरली आणि मग तीही दिसेनाशी झाली. दुर्गंधी नाही, काही नाही. परसातल्या झाडाची पाने रोज पडायची, पण पानांचा ढीग कधी गुडघ्याला लागला नाही. खालची पाने कुणीतरी चाळणी करून टाकायचे, मग त्याचा चुरा व्हायचा, मग माती. हे सगळे मी बघत होतो. पण माझी लाज काही त्याने कमी होत नव्हती. पाने वेगळी, मी वेगळा, असेच मला वाटायचे.

एका दुपारी वहिनी घमेले घेऊन आली आणि माझ्या बुडाशी पडलेला काळा, भुसभुशीत चुरा भरू लागली. तिने परसात वांगी आणि मिरच्या लावल्या होत्या, त्यांना घालायला. मेस्त्री दारात उभा होता.

"माझी लाज आता वांग्यांनाही घालतेस काय?" तो म्हणाला.

वहिनी उठली. कमरेवर हात ठेवले. तिचा धीर त्या दिवशी संपला होता. "लाज, लाज, लाज! मला एक सांगा. तुमच्या वडिलांपासून या कारखान्याचा भुसा आणि ढलप्या आपण कुठे टाकतो?"

"इथेच. परसात."

"रोज?"

"रोज."

"मग तो डोंगर कुठाय?"

मेस्त्रीने परसभर नजर फिरवली.

"बघा ना! दाखवा मला! रोज घमेली भरभरून टाकतोय. एव्हाना छपरापर्यंत यायला हवा होता ढीग. तुम्ही नेलात? मी नेला? कुणी खाल्ला तो?" तिने माझी एक साल उचलून खालची मंडळी दाखवली. "यांनी खाल्ला. यांनी खाल्ला नसता ना, तर तुमचा कारखाना तुमच्याच भुशात गाडला गेला असता. आणि हे ज्या झाडाचं लाकूड, ते झाड कशावर वाढलं होतं? अशाच कुणाच्यातरी चुऱ्यावर. वाळवी तिचं काम करते. तिनं कुणाचं नाक कापलेलं नाही."

मित्रांनो, मी ऐकत होतो आणि माझ्या पोटातली मंडळी निवांत कुरतडत होती. एवढी वर्षे जो भुसा माझ्या डोळ्यांदेखत घमेल्याने बाहेर जात होता, तो कुठे जातो, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. ठोकळा तो ठोकळाच!

मेस्त्री पायरीवर बसला. "वाळवीची लाज नाही गं मला. या ठोकळ्याचा आवाज बदलला होता. मी रोज ऐकत होतो. आणि रोज वाकसाला धार लावत बसलो. जगाला सांगत सुटलो, मातीपासून जपा, मातीपासून जपा. आणि बाबा जे दर वर्षी करायचे, ते करायला पुढे मी एकदाही खाली वाकलो नाही. याची लाज वाटते मला."

"मग हेच जाऊन सांगा मोठ्या बाईंना."

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"एकच तर तोंड आहे. तेच घेऊन जा."

त्याला जावे लागले नाही. बाईच आल्या, त्याच आठवड्यात. त्यांना कारखान्याला कुलूप दिसले म्हणून त्या मागच्या वाटेने परसात आल्या. "कळवते म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "म्हणून कळवायला आलेय. मेस्त्री, मी दुसरीकडे..."

"थांबा बाई. आधी माझं ऐका, मग सांगा."

तो माझ्यापाशी आला आणि दोन्ही हातांनी त्याने मला उलटा केला. माझे सडलेले, भोकाभोकांचे बूड बाईंच्या पुढ्यात! एवढी लाज मला कारखान्यातही वाटली नव्हती. पण मेस्त्री माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि बोट घालून दाखवू लागला.

"हे बघा. इथून शिरली. बाबा इथे डांबर लावायचे. मी लावलं नाही. काम होतं म्हणून नाही, बघितलंच नाही म्हणून. आणि मी तुम्हाला म्हणालो, माझ्या लाकडाला वाळवी लागणार नाही. असं म्हणणारा सुतार खोटं बोलतो. मी खोटं बोललो. लाकूड ओल्या मातीला लागलं की ती येणारच. तिचं कामच आहे ते, आणि तिनं ते केलं नाही तर आपलीच पंचाईत आहे. आपण एवढंच बघायचं की पुस्तकांपाशी तिला वाट मिळू नये. तुमची कपाटं कोण करतंय ते करू दे. पण पायाखाली दगड द्यायला सांगा, आणि दर वर्षी कुणीतरी वाकून खाली बघितलं पाहिजे. कुणी बघणार नसेल तर मी येऊन बघीन. मी केलेली नसली तरी."

बाई माझ्या बुडाकडे बघत होत्या. माझ्यातून एक अळी बाहेर डोकावली आणि परत आत गेली.

"शब्द देताय?" त्यांनी विचारले.

मेस्त्रीने मान हलवली. "नाही बाई. शब्द एकदा देऊन झाला. आता नुसता येईन."

बाई वहिनीला म्हणाल्या, "बसायला काहीतरी द्या हो. ठोकळा नको. कपाटांची मापं लिहून द्यायची आहेत."

आणि वहिनी जी रडायला लागली, ती रडत रडतच माळ्यावरचे पोते काढायला शिडी शोधू लागली.

आता कारखाना रोज चालतो. आत दुसरा ठोकळा आला आहे. त्याच्या घावाचा आवाज मला इथे ऐकू येतो. चांगला खणखणीत आहे, नाव ठेवायला जागा नाही. मला हेवा वाटतो. आणि हो, लाज अजूनही वाटते. कुणी माझ्याकडे टक लावून बघितले की अंग चोरून घ्यावेसे वाटते. पण अंगच इतके थोडे उरले आहे की चोरायचे तरी किती!

तरी एक सांगतो. काम संपल्यावर मेस्त्री दिवसाचा भुसा घमेल्यात भरून स्वतः इकडे घेऊन येतो. पूर्वी जसा उकिरड्यावर भिरकावला जायचा, तसा तो भिरकावत नाही. माझ्या शेजारी बसतो, हाताने भुसा पसरतो आणि हळूच म्हणतो, "घ्या. जेवा."

मित्रांनो, तुमच्या घरात जे मुकाट्याने उभे असते, त्याच्याही बुडाशी कधी वाकून बघत जा. ते आवाज करील याची वाट बघू नका. आणि परसात, बागेत, झाडाखाली एखादे कुजके लाकूड दिसले तर त्याला लाथ मारू नका, त्याच्यावर पाय देऊन उभे राहू नका. मला माझी लाज वाटते म्हणून नव्हे. आत मंडळी जेवायला बसलेली असतात.